रोजनिशीतले ग्रह आणि मनातले प्रश्न

रोज रात्री झोपण्याआधी वहीत चार ओळी लिहिण्याची सवय तरुणांमध्ये पुन्हा रुजू लागली आहे. तिच्यासोबत एक नवी रीतही आली आहे. तारखेखाली आजचा चंद्र कोणत्या राशीत आहे ते लिहायचे, बुध वक्री आहे का ते मोबाइलवर पाहायचे, आपल्या राशीचे दोन शब्द उतरवायचे आणि मग दिवसाचा हिशेब मांडायचा. हे करणारे सगळेच भविष्य जाणून घ्यायला बसलेले नसतात. अनेकांना स्वतःला समजून घ्यायचे असते. घरात मात्र याच्या दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एखादे वडीलधारे माणूस 'पोरगी वळणावर आली' म्हणून समाधान मानते, तर दुसरे 'शिकून काय उपयोग झाला' म्हणून कपाळावर हात मारते. अशा लिहिण्याने मनाचे काही भले होते का, होत असेल तर ते कशामुळे, आणि नुकसान नेमके कुठून सुरू होते, हे प्रश्न दोघांच्याही वादात मागे पडतात.

वऱ्हाडाला वहीतली नक्षत्रे नवी नाहीत. वलगाव, चांदूरबाजार, अचलपूरच्या पट्ट्यातला शेतकरी आजही संत्र्याच्या बहाराला 'मृग बहार' म्हणतो, पेरणीचा अंदाज रोहिणी आणि मृगावर बांधतो, आणि हस्ताचा पाऊस कापसाला कसा गेला ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. यात भाबडेपणा कमी आणि हिशेब जास्त आहे. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एका नक्षत्रात सुमारे साडेतेरा दिवस असतो. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागते आणि त्याच सुमारास मोसमी पाऊस आपल्याकडे यायच्या वाटेवर असतो. येथे नक्षत्र हे दिनदर्शिकेतले नाव आहे. मृग नक्षत्र पाऊस पाडत नाही. पावसाचा काळ कोणता, एवढेच ते सांगते.

त्याच पंचांगात नक्षत्राचे 'वाहन'ही दिलेले असते. यंदा मृगाचे वाहन बेडूक की गाढव, हत्ती की कोल्हा, यावरून पाऊस किती पडेल ते सांगितले जाते. हे वाहन पंचांगातल्या आकडेमोडीने ठरते. समुद्राचे तापमान, वाऱ्याची दिशा, हवेतली आर्द्रता यांच्याशी त्या आकडेमोडीचा काही संबंध नाही. एकाच पानावर एक गोष्ट कालगणनेची आणि दुसरी भाकिताची, अशा दोन्ही शेजारी बसलेल्या असतात. नक्षत्रावर पेरणीची वेळ ठेवणारा आणि वाहनावर बियाण्याचा खर्च ठरवणारा, हे दोघे वरून सारखे दिसले तरी त्यांचे वागणे वेगळे आहे. रोजनिशीत ग्रह लिहिणाऱ्यानेही हाच फरक ओळखायला हवा.

आधी लिहिण्याविषयी. मनातले कागदावर उतरवल्याने फायदा होतो, हा केवळ अनुभवाचा भाग राहिलेला नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये ४६ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायचे होते. काहींना साधे विषय दिले होते, तर काहींना आयुष्यातल्या सर्वांत बोचऱ्या घटनेविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच बरे वाटले नाही, उलट मन जड झाले. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर अशा प्रकारचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले. सुमारे दीडशे प्रयोगांचा एकत्र आढावा २००६ मध्ये घेण्यात आला, तेव्हा फायदा खरा पण आकाराने लहान असल्याचे दिसले. म्हणजे वही हे रामबाण औषध नाही, पण निरुपयोगीही नाही.

लिहिण्याने नेमके काय होते, याचाही काही अंदाज आहे. मनात घोळणारी गोष्ट सुटी, तुटक आणि गोल फिरणारी असते. कागदावर लिहायची तर तिला सुरुवात द्यावी लागते, 'त्यामुळे', 'म्हणून', 'आता लक्षात आले' असे शब्द वापरावे लागतात. ज्यांच्या लिखाणात असे कार्यकारण जोडणारे शब्द दिवसागणिक वाढत गेले त्यांना अधिक लाभ झाला, असे पेनेबेकर यांच्या पुढच्या कामात दिसले. उलट, 'माझ्याच वाट्याला हे का' हे एकच वाक्य रोज नव्या शब्दांत घोळवत राहिले तर उदासी लांबते. सुसान नोलेन-होक्सेमा यांनी अशा रवंथ करणाऱ्या विचारांवर अनेक वर्षे संशोधन केले आणि नैराश्याशी त्यांचे नाते दाखवून दिले. तेव्हा नुसते लिहिले की झाले, असे नाही. लिहिताना मन पुढे सरकते की जागच्या जागी फिरते, यावर बरेच अवलंबून आहे.

आता राशींचा भाग. ग्रहांची भाषा रोजनिशीला काही देते का? प्रामाणिक उत्तर 'हो, थोडे देते' असे आहे. 'मी फार तापट आहे' हे लिहायला जड जाते. 'आज मंगळ फारच तापला होता' हे सहज लिहिले जाते. स्वतःकडे जरा दुरून, तिसऱ्याच माणसासारखे पाहिले की राग आणि दुःख यांची धार कमी होते आणि विचार करायला जागा मिळते, असे इथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक यांच्या प्रयोगांतून दिसले आहे. ग्रहांची नावे ही दुरी आयती पुरवतात. शिवाय कोऱ्या कागदासमोर काय लिहावे हे ज्याला सुचत नाही, त्याला 'शनी म्हणजे जबाबदारी, तर आज मी कोणती जबाबदारी टाळली' असा एखादा धागा मिळतो. कार्ल युंग यांच्यासारख्या मनोवैज्ञानिकाने राशी-ग्रहांकडे मनातल्या प्रतिमांचा साठा म्हणून पाहिले, त्यामागे हेच आकर्षण होते.

पण हा गुण ग्रहांचा नाही, प्रश्नाचा आहे. शनीच्या जागी ओवी ठेवा, म्हण ठेवा, आजीच्या जात्यावरच्या गाण्यातला एखादा शब्द ठेवा, तरी धागा मिळतो. म्हणून रोजनिशी उपयोगी पडली तर तिचे श्रेय आकाशाला द्यायचे कारण नाही. ते बसून विचार करणाऱ्याचे आहे.

मग राशीचे वर्णन 'अगदी माझेच' का वाटते? याचे उत्तर १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने आपल्याच वर्गात शोधले. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. वर्णन कितपत जुळते, यासाठी शून्य ते पाच गुण द्यायचे होते. वर्गाची सरासरी ४.२६ आली. मग उघड झाले की सर्वांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्ये बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे असे तुम्हाला वाटते, बाहेरून शांत दिसलात तरी आतून काळजी असते, कधी मोकळे तर कधी अबोल असता, असा त्या कागदाचा सूर होता. ही वाक्ये खोटी नाहीत. ती जवळजवळ सर्वांनाच लागू पडतात. सगळ्यांना बसणारा सदरा आपल्याच मापाचा शिवला आहे असे वाटणे, हा मनाचा स्वभाव आहे, आणि शिकलेले लोकही त्याला अपवाद नाहीत.

ज्योतिषाची खरी परीक्षा महाराष्ट्रातच झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये पुण्यातून जाहीर आवाहन केले. दोनशे मुलांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या तयार केल्या. त्यातली शंभर मुले शाळेत चमकलेली, तर शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. ज्योतिष्यांनी कुंडली पाहून एवढेच सांगायचे होते की हे मूल पहिल्या गटातले की दुसऱ्या. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या पाठवल्या गेल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. रुपया उडवून छापा-काटा केला असता तरी पन्नासाच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. त्याआधी १९८५ मध्ये शॉन कार्लसन यांनी 'नेचर' नियतकालिकात पाश्चात्त्य ज्योतिषाची अशीच चाचणी प्रसिद्ध केली होती. तीन व्यक्तिमत्त्व-वर्णनांतून कुंडलीशी जुळणारे एक निवडायचे होते. त्यातही ज्योतिषी एक-तृतीयांशाच्या, म्हणजे निव्वळ योगायोगाच्या पुढे गेले नाहीत.

रोजनिशी लिहिणाऱ्यासाठी तर अडचण त्याही आधी सुरू होते. आपली रास कोणती? समजा एखाद्याचा जन्म ५ एप्रिलचा आहे. इंग्रजी पद्धतीच्या अॅपमध्ये त्याची रास मेष येते. आपल्या पंचांगात सूर्य मेषेत जातो १४ एप्रिलच्या सुमारास, म्हणून त्या हिशेबाने सूर्य मीनेत. आणि आपल्याकडे रास धरतात ती चंद्रावरून, म्हणजे जन्मवेळेप्रमाणे ती बारांपैकी कोणतीही असू शकते. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश डोलत असल्याने दोन पद्धतींत आज सुमारे चोवीस अंशांचे अंतर पडले आहे. मकर संक्रांत जानेवारीत आणि खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, हे त्याचेच फळ. गंमत अशी की मेष वाचणारा मेषेत स्वतःला पाहतो आणि मीन वाचणारा मीनेत. वर्णन बदलले तरी 'अगदी माझेच' हा शेरा बदलत नाही.

घाबरवणाऱ्या शब्दांचाही साधा हिशेब करून पाहावा. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे असतो. साडेसाती ही आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशींची मिळून धरतात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. वलगावच्या बाजारात उभे असलेल्या चार माणसांमागे साधारण एक साडेसातीत असतो, आणि त्याच्या शेजारचा तेवढ्याच अडचणीत असूनही साडेसातीत नसतो. मंगळाचेही तसेच. कुंडलीत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मुलगी 'मंगळाची' ठरते. बारांतली पाच स्थाने म्हणजे शंभरांत चाळीसहून अधिक माणसे आली. एवढ्या लोकांना लागू पडणारा दोष दोष कसला? बुध वक्री होतो तो वर्षातून तीन-चार वेळा, दर खेपेस सुमारे तीन आठवडे. तो खरोखर उलटा फिरत नाही. दोन गाड्या शेजारच्या रुळांवरून धावताना एक मागे जाते आहे असे वाटते, तसा तो दृष्टिभ्रम आहे. त्या तीन आठवड्यांत फोन बिघडला की वहीत नोंद होते. उरलेल्या वर्षात बिघडला तर कोणी ग्रह शोधत नाही.

हीच ती जागा, जिथून नुकसान सुरू होते. वही खरे बोलते ती दोन्ही बाजूंच्या नोंदी ठेवल्या तर. ज्या दिवशी भविष्य लागले तेवढेच लाल शाईने लिहिणारी वही आरसा राहत नाही. आपल्याला हवे तेच ती दाखवू लागते. दुसरे नुकसान जबाबदारीचे. ग्रहांच्या नावाने स्वतःकडे दुरून पाहता येते हे खरे, पण ती दुरी सुटकेची वाट होऊ शकते. 'मंगळ तापला होता' हे लिहून झाल्यावर 'आणि मी बायकोवर विनाकारण ओरडलो' हे दुसरे वाक्य आले नाही, तर त्या लिखाणाला आत्मपरीक्षण म्हणता येत नाही. ती सबब होते.

तिसरे नुकसान सर्वांत गंभीर आहे, आणि अमरावती विभागात त्याविषयी मोघम बोलून चालणार नाही. कर्ज, नापिकी, पोरीचे लग्न आणि एकटेपणा यांनी खचलेल्या माणसांची दुःखद यादी या भागाने अनेक वर्षे वाचली आहे. अशा घरात झोप उडालेली असते, भूक गेलेली असते, माणूस बोलेनासा झालेला असतो, आणि कोणीतरी सांगते, 'साडेसाती आहे, अडीच वर्षांनी उतरेल.' नैराश्याला अडीच वर्षे थांबायची गरज नसते. त्याच्यावर उपचार आहेत. मनाची उदासी, कशातच रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी समजणे हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर ते आजाराचे लक्षण मानून डॉक्टरांना दाखवावे. वहीत पुन्हा पुन्हा मरणाचे विचार येऊ लागले तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी घरच्यांना सांगावे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. खडा, शांती आणि पूजा यांवर आधी खर्च आणि मग दवाखाना, हा क्रम अनेक घरांना महागात पडला आहे.

तर मग वहीतून राशी खोडून टाकाव्यात का? तसा हुकूम काढण्याची गरज नाही. काही साधे नियम पाळले तरी पुरेसे होईल. पहिला, आधी दिवस लिहावा, मग राशी पाहावी. सकाळीच भविष्य वाचले तर दिवसभर मन त्याचेच पुरावे गोळा करते. दुसरा, राशीतून उत्तर घेऊ नये, फक्त प्रश्न घ्यावा. 'आज वाद होईल' हे वाक्य वहीत नको. 'आज कोणाशी वाद झाला, त्यात माझा वाटा किती' हे चालेल. तिसरा, ग्रहाच्या वाक्यानंतर 'मी' ने सुरू होणारे एक वाक्य आलेच पाहिजे. चौथा, चुकलेले भाकीतही तितक्याच ठळकपणे लिहावे. पाचवा, लग्न, औषध, पेरणी, कर्ज आणि शिक्षण यांचे निर्णय त्या वहीतल्या ग्रहांवर सोडू नयेत. आणि सहावा, रोज तेच दुःख त्याच शब्दांत लिहिले जात असेल तर चार दिवस वही मिटून माणसांशी बोलावे.

ज्याला हे पटत नाही त्याने घरीच एक प्रयोग करावा. रोजच्या वर्तमानपत्रातले बारा राशींचे मजकूर घरातल्या कोणाकडून तरी राशीचे नाव काढून कापून घ्यावेत आणि रात्री, दिवस लिहून झाल्यावर, आपल्या दिवसाशी सर्वांत जुळणारा एक निवडावा. निवडलेला मजकूर खरोखर आपल्याच राशीचा होता का, ते दुसऱ्याने वेगळ्या कागदावर टिपून ठेवावे. महिनाभर हे केले तर तीस दिवसांत निव्वळ योगायोगाने दोन-तीन वेळा आपली रास लागेल. चार-पाच वेळा लागली तरी त्यात नवल नाही. पण महिनाअखेर आकडा मोजताना जे कळते ते कोणाच्या भाषणाने कळत नाही. वर्तमानपत्रे राशिभविष्य छापतात ही गोष्टही येथे लपवायची नाही. लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'ने ऑगस्ट १९३० मध्ये राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त तिचे भविष्य छापले, ते वाचकांना आवडले आणि तिथून हे सदर जगभर पसरले. ते टिकले याचे कारण वाचकांची आवड हे आहे. भाकीत खरे ठरल्याचा पुरावा त्यामागे नाही. तेव्हा छापले आहे म्हणून खरे आहे, असे वाचकाने समजू नये.

वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे त्यांनी रोजनिशी ठेवली नाही. पण त्यांचे कीर्तन हा हजारो लोकांनी मिळून केलेल्या आत्मपरीक्षणाचाच प्रकार होता. ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण का करता, देवापुढे कोंबडे-बकरे का कापता, पोरांना शाळेत का घालत नाही, या प्रश्नांची उत्तरे ऐकणाऱ्याला स्वतःच द्यावी लागत, आणि दिली की त्याला पळवाट उरत नसे. दोष नशिबावर किंवा ग्रहावर ढकलून मोकळे होण्याची सोय त्या कीर्तनात नव्हती.

चांगल्या रोजनिशीचे कामही तेच आहे. शंभर पानी वही आणि एक पेन यांना फार खर्च येत नाही. तारखेखाली चंद्राची रास लिहिली म्हणून ती वही बिघडत नाही, न लिहिली म्हणून तिचे काही अडत नाही. दिवसभरात आपण काय केले, का केले आणि उद्या त्यातले काय बदलणार, या तीन ओळी मात्र तिच्यात रोज आल्या पाहिजेत.